परातीतलं नाव

लापशी निवायला लागली तरी नव्या सुनेचं नाव ठरेना.

लग्न आदल्या दिवशी शिळफाट्याला लागलं होतं आणि वऱ्हाड सकाळी ऊन चढायच्या आत चौकला परतलं होतं. आता पिंगळ्यांच्या ओटीवर परात मांडली होती, परातीत घरचे तांदूळ पसरले होते. कोंडूने, म्हणजे नवऱ्या मुलाने, त्यात सोन्याच्या अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, त्याच्या आत्याने ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं आणि मग मांडवात पंगत बसायची. एवढं सोपं काम. कोंडूचे वडील आबाजी पिंगळे पान लावून बसले होते. पान चघळून होईस्तोवर उरकेल असा त्यांचा अंदाज होता. पान संपलं, दुसरंही संपलं, आणि आता डब्यात चुनाच तेवढा उरला होता.

"रखमा," सोनाबाई म्हणाल्या. ही आबाजींची थोरली बहीण. आंब्याच्या झाडाच्या वाटणीवरून वर्षभर भावाशी बोलत नव्हत्या. लग्नालाही अबोला घेऊनच आल्या होत्या. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, हे आठवल्यावर तो अबोला त्यांनी उंबऱ्याबाहेरच ठेवला. "रखमा म्हंजे रखमा. आमच्या आयचं नाव. घरात परत ऐकू येऊ दे."

"आक्का, तू उद्या तुझ्या घरी जाशील. मला हितं राहायचं हाय," आबाजी म्हणाले. "सुनेला काय म्हणू? रखमे, ताक आण? आयच्या नावानं ताक मागताना माझी जीभ उचलंल का?"

"मग मागू नको. उठून घे."

मांडवातले पाहुणे हसले. उपाशी माणसं हसतात तसं, जरा कमीच.

स्वयंपाकघराच्या दारात भागूबाई उभ्या होत्या, कोंडूची आई. त्या हसल्या नाहीत. रखमा म्हणजे त्यांची सासू. त्या बाईच्या हाताखाली त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं. सासू गेली तेव्हा भागूबाई मनापासून रडल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मनापासून झोपल्या होत्या. तेच नाव आता पुन्हा चुलीपाशी येऊन बसणार म्हटल्यावर त्यांच्या हातातली पळी आपोआप खाली आली.

"सुंदरा ठेवा," त्या म्हणाल्या.

सुंदरा ही कोंडूच्या पाठची. लढाईच्या दिवसांत तापाने गेली. तेव्हापासून या घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं, आणि भागूबाईंनी ते असं सगळ्यांसमोर, लापशीच्या वासात, उच्चारावं हे आबाजींच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते पानाच्या डब्यात काहीतरी शोधू लागले.

सोनाबाईंचाही आवाज उतरला. पण मागे हटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "गेलेल्या पोरीचं नाव जित्या पोरीला? बरं नाय दिसत, भागू."

"आणि तुमची आय काय जिती हाय, वन्सं?"

आबाजींनी डबा मिटला. एकीकडे बायको, एकीकडे बहीण, आणि मध्ये परात. त्यांनी आशेने धाकट्या भावाकडे पाहिलं, आणि पाहिल्याबरोबर चूक झाली हे त्यांच्या लक्षात आलं. कारण येसाजी घसा साफ करत होते.

येसाजी मुंबईला गिरगावात एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. गावी आले की सदऱ्याच्या खिशात वर्तमानपत्राची घडी असायचीच. बेचाळीसच्या चळवळीत चार महिने तुरुंगात राहून आले होते आणि तेव्हापासून कुठलीही गोष्ट बसून सांगता येते हे ते विसरले होते. ते उठून उभे राहिले. आजच्या दिवसासाठी त्यांनी मुंबईहून निघाल्यापासून एक नाव मनात घोळवलं होतं. ते सांगायची वेळ आता आली होती.

"मंडळी," ते म्हणाले, "गेल्या डिसेंबरात पॅरिसला जगातले सगळे देश जमले होते."

"जेवून जमले असतील," आबाजी पुटपुटले.

"त्यांनी एक जाहीरनामा काढला. त्यात पहिल्याच कलमात काय म्हटलंय? की सगळी माणसं जन्मतःच स्वतंत्र आहेत आणि प्रतिष्ठा आणि हक्क यांत समान आहेत. नीट ऐका. आधी प्रतिष्ठा, मग हक्क. माणूस म्हणून जो मान आहे, तो कुणी दिलेला नसतो, म्हणून कुणाला काढूनही घेता येत नाही. घर आधी पायावर उभं राहतं ना? तसे सगळे हक्क या प्रतिष्ठेवर उभे आहेत. आणि त्या मसुद्यात आधी 'सगळे पुरुष' असं होतं. आपल्या देशाची एक बाई त्या कमिटीत होती. तिनं सांगितलं, हे चालायचं नाही, 'सगळी माणसं' असं लिहा. आणि लिहायला लावलं!"

बायकांच्या घोळक्यात हालचाल झाली. सोनाबाई पुढे सरकल्या. "खरं सांगतूस, येसू? साऱ्या जगाला तिनं बदलाया लावलं?"

"खरं, आक्का."

"शाब्बास गं बाय. नाव काय तिचं?"

येसाजींनी तोंड उघडलं. मिटलं. खिशातल्या घडीला हात लावला; ती घडी कालच्या तारखेची होती. "ते... पेपरात आलं होतं."

"म्हंजे इसरलास."

"आक्का, मुद्दा नावाचा नाही—"

"मग आमी सकाळधरनं हितं कशाला बसलोय?"

या वेळी पाहुणे पोटभर हसले. येसाजींचे कान लाल झाले, पण गडी भाषणाला सरावलेला होता. "तर त्यासाठीच," त्यांनी आवाज चढवला, "मी सुचवतो की आपल्या सुनेचं नाव ठेवावं, प्रतिष्ठा."

आबाजींनी ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. "प्रतिष्ठे, ढोरांना पाणी दाखव. प्रतिष्ठे, शेणी थापल्यास का." त्यांनी मान हलवली. "येसू, हे नाव घेईस्तोवर ढोरं पाणी पिऊन माघारी येतील."

"दादा, थट्टा सोडा. तिचं आताचं नाव बघा. चिंधी! हे काय माणसाचं नाव झालं? चिंधी म्हणजे फाटकं फडकं. उकिरड्यावर फेकायची वस्तू. असल्या नावानं हाक मारणं हाच माणसाचा अपमान आहे. तो आपण आज पुसून टाकू. लिही रे कोंडू. प ला र जोडायचा."

कोंडू चौथीपर्यंत शिकला होता. जोडाक्षर म्हटल्यावर त्याला घाम फुटला. त्याने अंगठी तांदळांवर टेकवली.

आणि परातीवर एक हात आला. हिरव्या बांगड्यांचा, कोपरापर्यंत हळद लागलेला. तो तांदळांवर सपाट पसरला आणि तिथेच राहिला.

चिंधी सकाळपासून पाटावर मान खाली घालून बसली होती. मुंडावळ्यांच्या आडून तिला सगळ्यांचे पायच तेवढे दिसत होते. सोनाबाईंचे भेगाळलेले, काकांचे मुंबईच्या वहाणांचे वण पडलेले, कोंडूचे एकमेकांवर घासणारे. आवाजावरून कोण काय म्हणतंय ते तिला कळत होतं. खरं म्हणजे तिला आपल्या नावाचं फारसं प्रेम नव्हतं. शाळेत पोरींनी त्या नावाने तिला रडवलं होतं. लग्न ठरल्यावर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने स्वतःच एक नाव निवडून ठेवलं होतं, शालन. कुणी विचारलं तर सांगू म्हणून. कुणी विचारलं नाही. रखमा आलं, सुंदरा आलं, तेव्हाही ती गप्प होती. पण उकिरडा म्हटल्यावर तिला आपली आई दिसली, आणि हात कधी पुढे गेला ते तिला कळलंच नाही.

"माझं नाव हाय," ती म्हणाली.

नवी सून नवऱ्याच्या घरी आल्यावर पहिलं वाक्य काय बोलते याकडे सगळ्यांचे कान असतात. हे वाक्य कुणाच्याच अपेक्षेत नव्हतं.

"मला फेकायला नाय ठेवलंय ते नाव," चिंधी म्हणाली. हात तांदळांवरच होता. "माझ्या आधीची तिघं भावंडं जगली नाय. मी झाली तवा आयनं पाच घरी जाऊन पदर पसरला, एक एक चिंधी मागितली. बाळंतीण बाय, उन्हातनं. त्या चिंध्यांची कुंची शिवून मला घातली. म्हनली, ही पोर माझी एकटीची नाय, पाची घरची हाय, हिला न्यायचं तर पाच घरांना इचारावं लागंल. म्हणून मी जगली. काका, तुमी मोठे हाय. पन हे नाव अपमान नाय."

येसाजी खाली बसले. तुरुंगातून आल्यापासून पहिल्यांदाच, कुणी न सांगता.

सोनाबाई मात्र उभ्या राहिल्या. "बघ आबा! आली न्हाई तोवर त्वांड चालाया लागलं. आमी काय गुन्हा करतूया? समद्या पोरींची नावं बदलतात. माझं बदललं, हिचं बदललं. नाव बदलल्याबिगर लगीन पुरं होत नाय. मला मान नसंल तर मी ही चालली. गाडी जुंपा माझी."

आक्का अशी निघून गेली तर चौकपासून खालापूरपर्यंत प्रत्येक घरी हीच गोष्ट सांगितली जाणार होती, आणि आंब्याचं भांडण तर कधीच मिटलं नसतं. ते सुनेकडे वळले. आवाज करडा करायचा होता, पण पोट रिकामं असल्यामुळे तो तसा झाला नाही.

"पोरी, हात काढ. ही रीत हाय."

"मामंजी, एक इचारू?"

"इचार."

"तुमचा हिरा बैल आमच्या शिळफाट्याच्या बाजारातनं आणलाय ना? माझ्या मामाकडनं."

"व्हय. मग?"

"त्याचं नाव नाय बदललंत."

आबाजींनी सवयीने खरं उत्तर देऊन टाकलं. "बदलाया गेलो होतो. राजा ठेवायचं होतं. पन तो दुसऱ्या नावानं येतच नव्हता."

"मी बी नाय येणार," चिंधी म्हणाली.

मांडवात आधी कुणीतरी फुस्सकन हसलं, मग दुसरं, आणि मग सगळा मांडव. चिंधीला हसू येत नव्हतं. ती घाबरून गेली होती. आबाजींनी हसू दाबायला मिशीवर हात धरला, आणि तो हात काही केल्या खाली येईना.

या गोंधळात भागूबाई दारातून कधी नाहीशा झाल्या ते फक्त चिंधीने पाहिलं. त्यांच्या पायांवरून. बाकी सगळे पाय मांडवाकडे वळले होते आणि ते दोन चुलीकडे गेले. चिंधीने परातीवरचा हात काढला, कोंडूला खालच्या आवाजात म्हणाली, "लिहू नका हां," आणि उठून आत गेली. अंगठी हातात धरून कोंडू तसाच बसला. आत्या समोर उभी, बाप हसतोय, आणि बायकोने पहिल्यांदाच काहीतरी सांगितलेलं. त्याने अंगठी मुठीत घट्ट धरली.

भागूबाई विझत आलेल्या चुलीत फुंकर घालत होत्या. धूर नव्हता, तरी डोळे पुसत होत्या.

"सासूबाई, रागावलात?"

"नाय गं."

"सुंदरा कोण ते मला सकाळी कळलं नाय. आता आत येताना दारातल्या एका मावशीनं सांगितलं. मला ठावं असतं तर..."

"तर काय? झाली असतीस सुंदरा?"

चिंधीला खोटं बोलवेना. ती खाली बसली. "कशी होती?"

भागूबाईंनी फुंकणी बाजूला ठेवली. असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. लोक भेटायला आले होते, रडले होते, देवाची इच्छा म्हणाले होते. पण पोर कशी होती हे कुणी विचारलं नव्हतं. "खोडकर," त्या म्हणाल्या. "भाताच्या कोंड्यात लपायची. हाका मारून मारून घसा बसायचा माझा, आणि ही कोंड्यात दम धरून. मग शिंकायची नि सापडायची." त्या हसल्या. हसता हसता थांबल्या. "मला वाटलं, घरात परत ते नाव घेता येईल."

"मग घ्या ना. मला सांगा तिच्याबद्दल. मी ऐकते."

भागूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. मुंडावळ्या एका बाजूला सरकल्या होत्या, नाकाला हळद लागली होती. त्यांच्या डोळ्यांसमोर उद्याची सकाळ आली. सुंदरा, भांडी घास. सुंदरा, दूध उतू घालवलंस, लक्ष कुठं हाय तुझं. सासू म्हटल्यावर त्या ओरडणार होत्याच. स्वतःला त्या चांगल्या ओळखत होत्या. आपण त्या नावावर ओरडलो असतो.

"मी माहेरी मोती होती," त्या एकदम म्हणाल्या. "हितं आल्यावर भागू झाली. आठ-नऊ वर्षांची असंन. भागू म्हणून हाका मारायचे, मला वाटायचं दुसऱ्या कुणाला तरी मारतायत. मी आपली खेळायची. आमच्या सासूबाईंना वाटलं, पोर बहिरी हाय, फसवून गळ्यात बांधली. कर्जतला वैदूकडं नेली मला. त्यानं दोन्ही कानांत लसणीचं कढत तेल ओतलं."

"अगं बाई! मग?"

"मग काय, तिसऱ्या दिशी ऐकू यायला लागलं," भागूबाई म्हणाल्या. "भागू म्हटलं की पळत जायची. वैदूचं फार नाव झालं."

दोघी हसल्या. चिंधी आधी, मग भागूबाई, आणि मग दोघींनाही आवरेना, तेव्हा पदराचा बोळा तोंडात धरावा लागला. हसणं ओसरल्यावर भागूबाईंचा हात नकळत उजव्या कानाकडे गेला. त्यांनी तो थोडा वेळ तिथेच ठेवला. मग उठल्या, पदर खोचला आणि बाहेर आल्या.

बाहेर सोनाबाईंची गाडी जुंपली नव्हती, कारण गाडीवानच पंगतीची वाट बघत मांडवात पान मांडून बसला होता. सोनाबाई ओटीच्या कडेला पाठ करून बसल्या होत्या.

"कोंडू," भागूबाई म्हणाल्या, "लिही. चिंधी."

"अगं पन..." आबाजी म्हणाले.

"तुमी दोन पानं खाल्लीत. लोक उपाशी हायत."

"आणि सुंदरा?" आबाजींनी हळूच विचारलं. भागूबाईंनी नकारार्थी मान हलवली. आबाजींचे खांदे सैल झाले. त्यांनाही त्या नावाने ताक मागता आलं नसतं.

"कोंडू, तुला काय वाटतं रे?" येसाजींनी विचारलं. सकाळपासून कोंडूला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो विचारायचा राहून गेला हे येसाजींच्या आत्ताच ध्यानात आलं होतं.

कोंडूने घाम पुसला. "मला चिंधीच बरं. सुपारी फुटल्यापासनं नांगर हाकताना तेच म्हणत आलोय मनात. आता दुसरं कुठं घोकू?"

त्यावर मांडवात जो गलका झाला त्यात चिंधी पाटावर येऊन बसली आणि पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. या वेळी रीत म्हणून नव्हे.

राहिल्या सोनाबाई. आबाजी उठून त्यांच्याजवळ गेले आणि शेजारी बसले. गेल्या वर्षात भाऊबहीण एवढे जवळ बसले नव्हते.

"आक्का, नाव कुणी ठेवायचं?"

"मला काय इचारतूस? तुझ्या सुनेला इचार."

"रीत काय म्हणते? आत्यानं ठेवायचं. मग ठेव की."

"आता काय ठेवू? हाय तेच ठेवू?"

"काय ठेवायचं ते तू बघ. पन ठेवायचं तूच. तुझ्याबिगर पंगत बसणार नाय."

सोनाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, परातीपाशी आल्या. कोंडूने मोठ्या कष्टाने तीन अक्षरांएवढी जागा घेऊन दोन अक्षरं काढली होती. सोनाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी परातीकडे वाचल्यासारखं पाहिलं, मांडवाकडे वळल्या आणि शेतावर हाक जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐका सगळ्यांनी! आमच्या कोंडूच्या बायकोचं नाव मी ठेवलंय चिंधी! मी ठेवलंय!" आणि खाली वाकून सुनेच्या कानात, "आता आत्याच्या पाया पड. आणि मला लापशी दोनदा वाढ."

पंगत बसली. येसाजींनी पाहुण्यांत न बसता वाढायला घेतलं. भाताची परात घेऊन ते प्रत्येकापुढे वाकत होते आणि "अजून घालू?" असं विचारत होते, आणि समोरच्याने नको म्हटलं तर खरंच घालत नव्हते. वाढप्याच्या या वागण्याने दोन-चार जण अर्धपोटी उठले. त्यांनी नंतर आबाजींपाशी तक्रारही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई गेल्या. जाताना आंब्याचं काही बोलल्या नाहीत, पण भावाला "येते" म्हणाल्या.

थोड्या वेळाने शेजारच्या चंद्राबाई नवी नवरी बघायला आल्या. चिंधी आत तांदूळ निवडत होती. भागूबाईंनी पाहुणीला पाट दिला, गुळपाणी दिलं. चंद्राबाईंनी घोटभर पाणी पिऊन मूळ विषय काढला.

"चिंधीच ठेवलंत म्हणे? दुसरं नाव मिळालं नाय का?"

"मिळाली की. तीन मिळाली. तिला नको झाली."

"तिला?" चंद्राबाईंचा पेला ओठापाशीच थांबला. "तिला इचारलं होय तुमी?"

आत तांदूळ निवडणारी बोटं थांबली. भागूबाईंना ते ऐकू आलं. त्यांचे कान चांगलेच होते. त्यांनी नाकातली नथ नीट केली आणि पिढ्यान् पिढ्यांची रीत सांगावी तशा आवाजात म्हणाल्या,

"म्हंजे काय? आमच्यात इचारतात."